वहिनीच्या हातचे केस

माझ्या वहिनीला माणसं चेहऱ्यानं लक्षात राहत नाहीत, डोक्यानं राहतात. रस्त्यात कुणी हसून विचारपूस केली की ही गोंधळून बघत राहणार, आणि तो माणूस पाठ फिरवून चालू लागला की म्हणणार, "अरे, हे तर पोस्टातले. उजव्या कानामागे केस उलटे येतात त्यांचे." घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाकडं, ज्याचा एक पाय मी तीनदा ठोकून दिला आहे. माझं डोकं मात्र तिच्या धंद्याच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. पंचविशीतच मैदान साफ झालं. "भाऊजी, तुमचं तेवढं फडक्यानं पुसून देऊ का?" असं ती अधूनमधून विचारते आणि मी दर वेळी रागावतो.

दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, डोकं वेगळं. केस दाट, काळेभोर, वर दोन भोवरे. लहानपणी आई तेलाची वाटी त्याच्या डोक्यावर रिकामी करायची आणि बोटांना उरलेलं माझ्या डोक्याला पुसायची. त्याबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही. दादा नाटकात कामं करतो आणि त्याच नाटक कंपनीत मी दिवे सांभाळतो. म्हणजे उजेड मी पाडायचा आणि त्यात उभं त्यानं राहायचं. टाळ्या कुणाला मिळतात ते सांगायला नकोच.

दादा केस कापायला पहिल्यांदा वहिनीकडे गेला तेव्हा ती तिच्या आईच्या दुकानात हाताखाली होती. त्याचे दोन भोवरे बघून तिनं आरशातूनच विचारलं, "दोन लग्नं करणार वाटतं?" दादा म्हणाला, "आधी एक तर होऊ दे." मग महिन्यातून एकदा केस कापणारा माझा भाऊ दर आठवड्याला जाऊ लागला, आणि त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरेना तेव्हा घरच्यांनी लग्न ठरवून टाकलं. त्या चेष्टेत चेष्टा किती होती कोण जाणे. वहिनीनं त्या दुसऱ्या भोवऱ्यावर कायम नजर ठेवली.

नटाच्या केसांबद्दल तिचं एक ठाम मत होतं. कपाळ उघडं हवं. दिवे वरून येतात, केस कपाळावर आले की डोळ्यांवर सावली पडते, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसणार नसतील तर त्यानं तिकीट काढायचं कशाला. मी दिवेवाला आहे, माझ्या मते तिचं चूक नव्हतं. त्यामुळे अकरा वर्षं दर प्रयोगाआधी ती रंगपटात जायची, ओल्या कंगव्यानं दादाचे केस चापूनचोपून मागे वळवायची, वर फवारा मारायची आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसायची. पडदा पडेपर्यंत एक केस जागचा हलत नसे. याचा तिला फार अभिमान होता.

या अकरा वर्षांत दादानं नायकाचा मित्र केला, दोन वकील केले, तीन डॉक्टर केले. एक इन्स्पेक्टर केला तोही चुकीच्या माणसाला पकडणारा. नायक दर वेळी कपाळावर झुलूप सोडलेला कुणीतरी दुसराच असायचा. वहिनी नाक मुरडून म्हणायची, "याचे डोळे दिसतात का कुणाला?" डोळे दिसत नसतील, पण लोक बघत त्यालाच होते.

मग कंपनीत नवा दिग्दर्शक आला. त्याच्या नाटकात एक माणूस थोरल्या भावाला फसवून घर सोडतो आणि वीस वर्षांनी त्याच्याच दारात राहायला जागा मागायला येतो. ही भूमिका त्यानं दादाला दिली. दादा त्या दिवशी घरी येऊन नुसताच बसून राहिला, चहा गार झाला तरी त्याला पत्ता नाही. वहिनीनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं. आठवड्याभरानं कळलं की दिग्दर्शकानं केसांसाठी आपली एक बाई आणली आहे. त्या बाईनं दादाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पुढचे केस वाढू द्या."

तीन महिन्यांत दादाच्या डाव्या डोळ्यावर झुलूप आलं. सावली पडू नये म्हणून मला डावीकडे खाली एक जादा दिवा लावावा लागला, तो कुणाच्या नजरेत भरला नाही. नाटक मात्र असं चाललं की तिकिटं मिळेनात. एका वर्तमानपत्रात छापून आलं की डोळ्यावर झुकलेल्या त्या केसांतच त्या माणसाचा सगळा अपराध दिसतो. वहिनीनं ते कात्रण वाचलं आणि त्यावर कापलेले केस गोळा करून टाकून दिले.

तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला एवढं पुरेसं होतं, पण पुढे तर तिच्याच दुकानात पोरं येऊन बसू लागली. "त्या नाटकातल्या हिरोसारखे कापा. पुढून सोडायचे." ती मुकाट्यानं कापायची. एकाला तिनं विचारलं, "त्याचं लग्न झालंय, माहीत आहे का?" तो म्हणाला, "असेल. केस मस्त आहेत."

त्या बाईचं नाव वहिनीनं कधी घेतलं नाही. आमच्या घरात ती कंगवेवाली. सोमवारी सकाळी दादाचे केस कापायचे हा लग्नापासूनचा नेम. ती बाई आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी वहिनीनं खुर्चीवर चादर झटकली तेव्हा दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "अगं, राहू दे. ती करते ना आता." वहिनीनं चादरीची घडी घातली. तेव्हापासून ती नाट्यगृहात फिरकली नाही. विचारलं की म्हणायची, दुकान कोण बघणार.

मी दुपारी तिच्या दुकानात चहाला गेलो की मात्र माझी उलटतपासणी व्हायची.

"ती यांच्याशी बोलते का फार?"

"फार नाही."

"हसते?"

"कधीतरी."

"मग करते काय?"

"केस करते, वहिनी."

"तेच तर," ती म्हणाली. "दुसरं काही करत असती तर भांडले तरी असते. काल हे दुपारी पालथे झोपले होते तेव्हा मानेवरची कापणी बघून घेतली मी. हात चांगला आहे मेलीचा. माझ्यापेक्षा चांगला आहे. माझा जीव जळतो हो नुसता."

तिची समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, "केसांनी का कुणी नट होतो? दादा काम चांगलं करतो म्हणून लोक येतात."

"मग अकरा वर्षं मी काय केलं?" ती म्हणाली. "केसांनी होत असेल तर ते तिनं केलं. केसांनी होत नसेल तर मी काहीच केलं नाही. यातलं कुठलं गोड मानून घेऊ ते सांगा."

मी चहा संपवला आणि बाकड्याचा पाय ठोकायला घेतला.

पुढच्या रविवारी दुपारचा प्रयोग होता आणि सकाळीच निरोप आला की कंगवेवाली तापानं फणफणली आहे. दादानं जरा चाचरतच वहिनीला विचारलं. "काही करायचं नाही गं, नुसते विंचरून पुढे सोडायचे." ती बरं म्हणाली. पिशवीत तिनं कंगवा आणि फवारा टाकला. कात्रीही टाकली हे मी पाहिलं, पण माझ्या मनात काही आलं नाही.

मी दिवे तपासून रंगपटात डोकावलो तेव्हा दादा डोळे मिटून खुर्चीत बसला होता. वहिनीच्या हाताखाली तो नेहमीच डोळे मिटतो. त्याचं झुलूप त्याच्या मांडीवर पडलेलं होतं, आणि उरलेले केस वहिनी ओल्या कंगव्यानं मागे वळवत होती. दादानं डोळे उघडले, आरशात बराच वेळ बघितलं, कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "गार लागतंय." तेवढंच. दिग्दर्शक मात्र अद्वातद्वा बोलला. सगळी कंपनी तिच्याकडे बघत होती. हनुवटी वर करून ती उभी राहिली, पण कात्री पिशवीत टाकताना तिला पिशवीचं तोंड सापडेना.

घंटा झाली होती आणि डोळ्यावर केस चिकटवायला वेळ नव्हता. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, म्हणून वहिनी शेवटच्या रांगेमागे माझ्या दिव्यांच्या खोलीत येऊन बसली. हे नाटक ती पहिल्यांदाच बघत होती.

"आता बघूच," ती म्हणाली.

पडदा उघडला. दादा आला, आणि लोकांना झुलपाची आठवणसुद्धा झाली नाही. नेहमीच्या जागी हसले, नेहमीच्या जागी गप्प झाले. मला आनंद झाला. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, केसांचा काही संबंध नव्हता. मी तिच्याकडे वळून हसलो, पण तिचं लक्ष नव्हतं. नाटकातल्या भावाच्या दाराशी दादा खाली बसला, दारावर कपाळ घासलं, मग आतून आवाज आल्यावर झटक्यानं मान वळवली, आणि वहिनीनं बसवलेले केस चारी बाजूंना विस्कटले. तिचा हात आपोआप उचलला गेला. "गेले केस," ती पुटपुटली.

दादाला त्याचं काही नव्हतं. तो मान टाकत होता, उचलत होता, रडताना डोकं गुडघ्यांत घालत होता.

बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाली, "हे मान अशी कधीपासून हलवतात?"

"या नाटकात."

"आधी नाही?"

मी आठवून बघितलं. अकरा वर्षं दादावर एकदा दिवा सोडला की मला तो पुन्हा हलवावा लागला नव्हता. काय शिस्तीचा नट आहे, असं मी चारचौघांत सांगायचो. तेच तिलाही सांगितलं.

"केस विस्कटू नयेत म्हणून," ती म्हणाली. "मी बसलेली असायचे ना समोर."

मी दिव्याचा दांडा दादामागोमाग वळवला.

"तिनं काय सांगितलं होतं यांना? पहिल्या दिवशी?"

मी तिथेच होतो, मला आठवत होतं. "विस्कटले तर विस्कटू देत म्हणाली. मी बघणार नाही म्हणाली."

"बघणार नाही म्हणाली?"

"हो."

वहिनी खाली रंगमंचाकडे बघत राहिली. "तिचा हात चांगला आहे, तो मी सोसला असता," ती म्हणाली. "पण हे तिला सुचलं आणि मला नाही. बायको मी आहे ना, भाऊजी." तिच्या आवाजात इतका जळफळाट मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यात त्या बाईबद्दल वाईट असं एकही अक्षर नव्हतं.

प्रयोग संपल्यावर आम्ही रंगपटात गेलो. दिग्दर्शक आता खुशीत होता, केसांनी काही अडत नाही म्हणून सगळ्यांना सांगत होता. दादा घामानं निथळत, केस पिंजारून मधोमध बसला होता. वहिनीला बघून त्याचा चेहरा उजळला. "अगं, कसं झालं?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. आणि अकरा वर्षांच्या सवयीनं तिनं कंगवा काढून त्याच्या डोक्याला लावला.

कंगवा लागला मात्र, दादाची मान ताठ झाली. हनुवटी उचलली गेली, डोळे मिटले. तो कुणाशी तरी हसून बोलत होता ते बोलणंही अर्ध्यावर थांबलं. त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता. वहिनीचा हात तिथेच थबकला. मग तिनं कंगवा पिशवीत ठेवला.

"का गं? नीट कर ना," दादा मान तशीच धरून म्हणाला.

"बाहेर लोक थांबलेत. जा तसेच."

तो उठून गेला. दाराबाहेर पडल्यावर त्याची मान सैल झाली, ती आम्ही दोघांनी पाहिली.