अडचण कधीपासून?

नगरच्या दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या भेटीला नवरा-बायको दोघांनी यायचं. एकट्या बाईला तिथे तपासत नाहीत. सोमवारी सकाळची वेळ मिळाली, आणि फोन झाला त्याच संध्याकाळी नवरा म्हणाला की सोमवारी साखर कारखान्यातून सुट्टी मिळणं अवघड आहे, तू तुझ्या आईला घेऊन जा. चार वर्षांत माझी भांडायचीही हौस फिटली होती.

शनिवारी दुपारी जुने कागद काढून बसले. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दौंडला काढलेल्या सोनोग्राफ्या, थायरॉईडचे रिपोर्ट, आणि एका वैद्याचा कागद, ज्यावर औषधापेक्षा पथ्यच जास्त. एकेका कागदाबरोबर एसटीत उभ्याने केलेला एकेक प्रवास आठवत होता. पिशवी फुगली. सगळ्या कागदांवर नाव माझंच. नवऱ्याच्या नावाचा एकही नव्हता, कारण त्याला कधी कुणी तपासलंच नव्हतं. त्याला कसली धाड भरलीय, असं सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा.

दवाखान्याला मागच्या सहा पाळ्यांच्या तारखाही हव्या होत्या. आता मी अंगणवाडी सेविका. गावात कुणाला दिवस गेले की तिच्या शेवटच्या पाळीची तारीख माझ्या रजिस्टरमध्ये येते. दुसऱ्यांच्या तारखा तोंडपाठ, आणि स्वतःच्या दोनच आठवल्या. आली की रडायचं आणि तारीख विसरायची, असं चाललं होतं. शेवटी सासूबाईंना विचारलं. आमच्याकडे त्या दिवसांत चूल आणि देवघर त्यांच्याकडे जातं, म्हणून त्यांना सगळं आठवतं. गहू निवडता निवडता त्या सांगत गेल्या. पोळ्याला पुरण त्यांनी घातलं, घट बसले तेव्हा मी बाजूला, दिवाळीच्या पाडव्यालाही तेच. मी समोर कॅलेंडर धरून खुणा करत होते. मध्येच हात थांबवून त्या म्हणाल्या, "समदे सणच गेले बघ तुझे." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

दवाखान्याने मोबाईलवर पाठवलेला फॉर्म मात्र नवरा भरतो म्हणाला. तेवढं केलं की आपला वाटा संपला, असा त्याचा भाव होता. भरून झाला का बघायला गेले, तर पहिलाच प्रश्न होता, 'अडचण कधीपासून आहे?' आणि त्याखाली याने लिहिलं होतं, 'गेल्या मंगळवारपासून.'

आमच्याकडे पाळीला अडचणच म्हणतात, आणि मंगळवारपासून त्याची आई भाकरी थापत होती हे त्याने पाहिलं होतं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. मूल होत नाही त्याबद्दल विचारलंय, असं मी सांगितलं. तो ओशाळला. खोडून 'चार वर्षे' लिहिलं. पुढचा प्रश्न होता पतीच्या आजवरच्या तपासण्यांचा. तिथे त्याचं बोट अडलं.

आता पुन्हा सुट्टीचं रडगाणं निघणार, असं मला वाटलं. मला त्याचा कंटाळा आला होता, त्या पिशवीचा आला होता, सोमवारचाही आला होता.

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माझ्यातच काय निघालं तर?"

खरं सांगते, मला दया आली नाही. संताप आला. दर दवाखान्याच्या बाकावर हाच प्रश्न मी एकटीने गिळला होता, आणि याला तो आज सुचत होता.

"निघालं तर निघालं," मी म्हणाले. "माझ्यात निघंल म्हणून मी चार वर्षं जातीयच ना. मला भ्या वाटतं का, तुमी कधी इचारलं?"

त्याने फॉर्ममध्ये 'एकही नाही' असं लिहिलं आणि तिथेच उभा राहून कारखान्यातल्या साहेबांना फोन लावला. सोमवारी येत नाही, नगरला दवाखान्यात जायचंय, म्हणाला. पलीकडून बहुतेक विचारलं असावं, वहिनींना काय झालं.

"न्हाई साहेब, मंडळीचं न्हाई," तो म्हणाला. "मलाच दाखवायचंय."