रेडिओशी गप्पा मारलेला रविवार

युद्धाच्या दिवसांत खालापूरजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. बाविशीतला, एकटा, देशावरून आलेला. शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचो. गावासाठी सरकारनं दिलेला रेडिओ शाळेत होता आणि त्याच्या पेटीची किल्ली माझ्या जानव्याला. गावात वीज नव्हती. रेडिओ मोटारीत असते तसल्या जड बॅटरीवर चालायचा. ती उतरली की बैलगाडीत घालून कर्जतला भरायला न्यायची. म्हणून नियम असा, की रोज संध्याकाळी एकच तास लावायचा, सगळ्यांनी मिळून ऐकायचा. तेवढ्यावर बॅटरी दहा दिवस पुरायची.

त्या रविवारी संध्याकाळी पलटणीतल्या शिपायांचे निरोप लागणार होते. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतल्या एका म्हातारीचा मुलगा दोन वर्षं परमुलखात होता. ‘माझा आवाज येईल, ऐक’ असं त्याचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. चार वेळा.

आणि त्याच रविवारी सकाळी मला रेडिओ लावायची बुद्धी झाली. लावणीचे दिवस, गाव पहाटेच शेतावर गेलेलं. शनिवार दुपारपासून माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मास्तरशी गाव अदबीनं वागायचं, म्हणजे लांबून. म्हटलं, बातम्या तेवढ्या ऐकाव्यात. बॅटरीचे चार दिवस उरलेत, म्हणजे चार तास; त्यातला पाव तास गेला तर काय बिघडलं? मी अंकगणित शिकवायचो, हे इथं सांगायला हवं.

बातम्या संपल्या तोवर एक डॉक्टर हिवतापावर बोलायला आले. आलेल्या पाहुण्याला उठा कसं म्हणायचं? डास टाळावेत म्हणाले. मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, एक रात्र इथं काढा, मग बोलू.’’ ते थांबले नाहीत, पण मला बरं वाटलं. मग एका बाईंनी थोडक्या साखरेत शंकरपाळे सांगितले. ‘‘थोडकी तरी कुठाय, वहिनी?’’ मी विचारलं. शेणखतावर बोलणारे गृहस्थ आले तेव्हा मी चहा केला आणि खुळ्यासारखा दोन कपांत ओतला. दोन्ही मीच प्यायलो. नंतर एक प्राध्यापक जुन्या नाण्यांवर इंग्रजीत बोलले. पाचांतला एक शब्द कळला, हुंकार मात्र प्रत्येक वाक्याला दिला.

दुपारी कार्यक्रम थांबले. शहाण्यानं तेव्हा तरी बटण फिरवलं असतं. मी फिरवलं नाही. नुसती खरखर येत होती. पण ती बंद केली की खोली इतकी गप्प व्हायची, की आपलाच श्वास परक्याचा वाटावा. दोन तास मी खरखर ऐकली.

संध्याकाळी म्हातारी आली. धुतलेलं लुगडं नेसून, वाडीतल्या पाचसहा जणांना घेऊन. सगळ्यांच्या पोटऱ्यांना शेतातला चिखल तसाच होता.

‘‘मास्तर, माजा पोरगा ह्या जाळीतनं बोलनार?’’

‘‘हो.’’

‘‘मंग मी हितंच बसते.’’

‘‘म्हातारे, मागं सर,’’ तिचा शेजारी म्हणाला. ‘‘आतला सायेब घाबरंल.’’

‘‘घाबरू दे. माजा पोर नाय घाबरायचा.’’

निरोप सुरू झाले. आवाज पहिल्यापासूनच बारीक. ‘‘जरा मोटं करा की,’’ शेजारी म्हणाला. बटण मी आधीच टोकाला नेलेलं. एका शिपायानं बापाला बैल विकू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं बायकोची खुशाली विचारली. तिसऱ्याचं नाव अर्धं आलं आणि रेडिओ गेला. तारा काढून लावल्या, पेटीवर थाप मारली. काही नाही.

‘‘मुंबईतूनच बंद झालं असेल,’’ मी म्हणालो.

‘‘मंग येईल परत,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘बसते मी.’’

बाकीचे हळूहळू गेले. ती जाळीवरची नजर न काढता बसून राहिली. अर्धा तास मी ते पाहिलं. मग सांगून टाकलं. बॅटरी मीच संपवली. सकाळपासून लावून बसलो होतो.

‘‘सकाळपासनं? एकलाच?’’

‘‘हो.’’

‘‘काय ऐकत व्हतास रं?’’ आजवर ती मला तुमी म्हणायची.

‘‘काही नाही. माणसं बोलत होती.’’

तिनं जाळीवरची नजर काढली. मग म्हणाली, ‘‘कागद घे. लिव. तुजा आवाज ऐकला. चांगला ऐकू आला.’’

माझा टाक अडला.

‘‘लिव की. तो तिकडं वाट बगत आसंल, आयनं ऐकलं का नाय. लिव, आवाज जरा बसल्यावानी वाटला. गार पानी पिऊ नको. आनि सगळी वाडी आलती ऐकायला.’’

मी लिहिलं. तिनं पत्ता तीनदा वाचून घेतला.

‘‘उद्या टपालात टाकतो,’’ मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदरात बांधलं. दुसऱ्या दिवशी लावणीचा खाडा करून ती खालापूरच्या टपालात ते टाकायला चालत गेली. वाट शाळेवरूनच जायची. मी खिडकीत उभा होतो, पण हाक मारायचं धाडस मला झालं नाही.