दरवर्षी नवी पडणारी वाट

चंद्रपूरच्या वसतिगृहात मी तीन वर्षं राहिले. आमचं गाव अहेरीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून चार कोस आत. एसटी फाट्यावर सोडायची, पुढे सगळं जंगल. एकट्या मुलीनं जायची ती वाट नव्हती, म्हणून बाबा बैलगाडी घेऊन यायचे. पावसाळ्यात गाडी निघत नसे. मग आषाढापासून दिवाळीपर्यंत मी वसतिगृहातच. वरोऱ्याकडच्या मुली दर रविवारी घरून येताना काहीबाही आणायच्या. मलाही द्यायच्या. जवसाची चटणी असली की आईच्या हातची असल्यासारखी मी ती पुरवून पुरवून खायची.

गावापर्यंत रस्ता व्हावा, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी सांगितलं, की ऐंशी सालच्या कायद्यानं जंगलाची जमीन रस्त्याला घ्यायची तर दिल्लीची परवानगी लागते. वहिवाट त्याआधीची असल्याचं दाखवता आलं, तर कदाचित काम सोपं जाईल. मी गावातर्फे अर्ज लिहिला. वहिवाट फार जुनी आहे, असं त्यात मुद्दाम लिहिलं. गावात मात्र त्याचं कारण कोणाला समजावून सांगितलं नाही. ते सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत अर्जाच्या चौकशीला वनखात्याचे साहेब आले. सारा गाव वाटेवर जमला. आमच्याकडे रीत अशी, की पावसात नाल्यानं वाट खाल्ली की दिवाळीनंतर घरटी एक माणूस येतो आणि बाजूनं दुसरी वाट पाडतो. शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. यंदाची वाट कशी साधली, यावर मग वर्षभर बोलणं.

साहेबांनी विचारलं, "हा रस्ता किती जुना?"

बाबांचा चेहरा उजळला. "जुना कायचा साहेब? एकदम नवा! औंदाच काढला. सारं गाव खपलं."

"मागच्या सालचा पार बुजला," शेजारचे काका म्हणाले. "तो दाखवू का?"

"साहेबासमोर इज्जत घालवतं का बे?" बाबांनी दटावलं. लोक हसले.

साहेब लिहीत होते. मी आईच्या मागे उभी होते. वाट आजोबांच्याही आधीची आहे, फक्त जागा थोडी सरकते, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण चारचौघांत बाबांना खोडायचं कसं? तेवढ्यात साहेबांनी वही मिटली.

पावसाळ्यात बाबांनी गावच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं पत्र मला वसतिगृहावर आलं. 'नवीन रस्ता' म्हणून कागद दिल्लीला गेला होता. 'आपला रस्ता दिल्लीपर्यंत पोचला, आता होणारच,' असं त्यात होतं. मी ते पत्र कोणाला दाखवलं नाही.

दिवाळीनंतर वाट पाडायला मीही बाबांबरोबर गेले. "बाबा, जुन्याच वाटेवरून काढू," मी म्हटलं.

"काऊन वो? ते तं गोट्यानं भरली."

मग मी सगळं सांगितलं. बाबा कुऱ्हाड टेकवून खाली बसले.

"तवाच बोलाचं होतं ना, माय," ते म्हणाले. "दर पंधरा दिवसाले घरी आली असती तू."