आमचे साडू आणि बर्फातल्या काठ्या

एका जागी स्वस्थ बसणं या गोष्टीशी आमच्या साडूंचं जन्मापासून वैर आहे. विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवतात, संशोधन हिमालयातल्या बर्फावर करतात आणि राहतात भोपाळला, बायकोला कारखान्याने दिलेल्या क्वार्टरमध्ये, आमच्या समोरच्याच दारात. चहा आमच्याकडे येरझाऱ्या घालत घेतात आणि कप जिन्यात सापडतो. विद्यार्थ्यांना पहाडावर धाडण्याआधी पाठीवर विटा लादून आमचा चारमजली जिना चढवतात. एकदा खालच्या शर्माजींना वाटलं, गच्चीवर कुणी चोरून खोली बांधतंय. ते टाउनशिपच्या गार्डलाच घेऊन आले. साडू मुलांवर ओरडत होते, "धीरे! पहाड़ पे जल्दी की तो गए!" आणि स्वतः दोन-दोन पायऱ्या गाळत वरखाली. कुणाला अडवावं ते न कळून गार्ड बिचारा तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसला.

यंदा मात्र डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगून त्यांना उंचावर जायला साफ मनाई केली. झालं! एका हिमनदीत त्यांनी बांबूच्या काठ्या रोवल्यात. त्या दरवर्षी किती उघड्या पडल्या ते मोजलं की बर्फ किती वितळला ते कळतं. आजवर एकही वर्ष चुकलं नव्हतं. मधलं एक जरी गळलं तरी नोंदींची सगळी ओळ तुटणार. आता भिस्त होती ऋतूवर, त्यांच्या विद्यार्थिनीवर; विकास आणि आणखी दोन विद्यार्थ्यांना घेऊन ती वर जाणार होती. तिच्या वडिलांचं जवाहर चौकात कापडाचं दुकान. परवानगी मागायला साडूंनी मलाही ओढत नेलं.

वडिलांनी एकच विचारलं, "सर, आप साथ रहेंगे ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. मी कोपराने ढोसलंसुद्धा.

"नहीं. मुझे मना है," साडू म्हणाले. "पर इसे मैंने चढ़ने से पहले लौटना सिखाया है."

वडिलांनी हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि मान डोलावली.

पुढचे दहा दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. जवळच्या सोनागिरी वस्तीपर्यंत रोज चार चकरा, आणि प्रत्येक चकरेला मी बरोबर हवाच. शेवटी खालच्या गावात उतरल्यावर ऋतूचा फोन आला. साडूंनी तो स्पीकरवर टाकला. "सर, विकास को चक्कर और उल्टियाँ होने लगीं. बाँस बस घंटे भर दूर थे, पर हम उसे नीचे ले आए. नाप नहीं हुआ. सॉरी, सर."

"शाबाश, बेटा. बिल्कुल ठीक किया," साडू खणखणीत म्हणाले. फोन ठेवून ते गॅलरीत गेले. मीही मागोमाग गेलो. एरवी मी यांची इतकी थट्टा करतो, पण त्या क्षणी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली हो," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "मी असतो तर आधी काठ्या मोजून आलो असतो."