वाकड्या धुराड्याचे देवरावभाऊ

फोनवर त्यांचंच नाव उमटलं होतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या हसून म्हणाले, "भाऊ, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ताच तुमचं नाव काढलं होतं."  पलीकडून त्यांच्या मुलीचा, शुभांगीचा आवाज आला. "काकू, बाबा गेले." आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, विचारते काय, तर "कुठे गेले?"... तिला ते पुन्हा सांगावं लागलं. सकाळी आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. जावयाने दार तोडलं तेव्हा नळ वाहत होता आणि भाऊ भिंतीला टेकून बसल्यासारखे पडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि मान हलवली.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. आमची नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे. त्या सकाळी माझे हात मैद्याने भरलेले होते आणि फोन ठेवल्यावर मी ते धुवायचेही विसरले. तासाभराने आमच्या ह्यांनी मला हाताला धरून नळाशी नेलं, तेव्हा बोटांवर पीठ वाळून कडक झालं होतं. गिझरच्या वायूने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण, पान उलटतो. पण देवरावभाऊ? कुणाच्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी ज्यांची नजर वर झरोक्याकडे जायची, ते देवरावभाऊ?

भाऊ मूळचे नरखेड तालुक्यातले. गावाकडचा मोसंबीचा बगीचा धाकट्या भावाकडे सोडून ते तरुणपणीच नागपुरात आले आणि इतवारीतल्या एका बोळात त्यांनी ब्रशचं दुकान टाकलं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. पण सोनाराच्या नाजूक कुंचल्यापासून तेलाच्या घाण्यात फिरणाऱ्या ब्रशापर्यंत सगळं तिथे टांगलेलं असायचं आणि त्यातलं निम्मं त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं. धुराडी साफ करायचं काम त्यांच्याकडे मागाहून आलं. लोक चुकीचा ब्रश नेत, काम बिघडलं की भांडायला येत. भाऊ सांगायचे, "ब्रश खराब नसते वहिनी. पाइप न पाहता नेला की खराब ठरते." शेवटी ते स्वतःच पाइप पाहायला जाऊ लागले.

माझी त्यांची ओळख झाली त्याला अकरा वर्षं झाली. आमचं विटांचं धुराडं जुनं, त्याच्या भेगांतून धूर शेजाऱ्यांच्या माडीवर जायचा. म्हणून आम्ही आत स्टीलचा पातळ पाइप सोडून घेतला होता. मधे एक तुळई आडवी येत होती, तिला वळसा घालायला तो पाइप दोन ठिकाणी वाकवलेला. दीडएक वर्षात तो काजळीने भरला. भट्टी नीट ओढेना, धूर उलटा तोंडावर येऊ लागला. मी इतवारीत जाऊन भाऊंच्या दुकानात म्हटलं, "तारेचा कडक ब्रश द्या आणि लांब बांबू." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाइप किती इंचाचा? वाक किती? पहिला वाक किती उंचावर?" मला यातलं एकही सांगता येईना. ते उठले, दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाले, "चला, तुमच्या स्कूटरवर बसतो."

बेकरीत येऊन त्यांनी धुराड्याकडे पाहिलंच नाही आधी. कारागिरांना विचारलं, "सकाळी डोकं दुखते का गा कोणाचं?" दोघं कारागीर एकमेकांकडे पाहू लागले. महिनाभर सगळ्यांचंच दुखत होतं... माझंही. आम्ही उन्हाला, जागरणाला, चहा कमी-जास्त झाल्याला दोष देत होतो. भाऊ म्हणाले, "भट्टी विझवा. आत्ता."

दुसऱ्या दिवशी एका लग्नघरी पाव पोचवायचे होते. मी म्हटलं, एकच खेप काढू द्या, मग करा काय करायचं ते. तर त्यांनी कणीक तिंबायचा रिकामा डबा उलटा केला आणि भट्टीच्या तोंडासमोर ठाण मांडून बसले. "वहिनी, धूर डोळ्याले लागते म्हणून माणूस पळते. त्याच्या संगं जे येते ना, ते दिसत नाही, त्याले वास नाही. माणूस बसल्या जागी झोपते. माझ्या डोळ्यासमोर नाही पेटू देणार." मी रागाने नको ते बोलले. ते ऐकत राहिले, पण उठले नाहीत.

मग त्यांनी सोबत आणलेलं गाठोडं जमिनीवर सोडलं. बांबू बाजूला केला. "हा सरळ धुराड्याले ठीक. वाकात गेला का पाइपाच्या पोटात घुसते." तारेचा ब्रशही बाजूला, कारण पातळ पाइपाला तो ओरखडे काढतो आणि जिथे ओरखडा तिथेच पुढे भोक पडतं. नायलॉनच्या काड्या एकेक उचलून ते गुडघ्यावर वाकवून पाहत होते, सोडल्यावर पुन्हा सरळ होते की नाही ते. नरम काड्या पुढे जोडल्या, ताठ मागे, हाताजवळ. ब्रशही नायलॉनच्या केसांचा, पाइपापेक्षा जेमतेम बोटभर मोठा, टोकाला गुळगुळीत गोळी. वाकाच्या शिवणीत टोक अडकू नये म्हणून ती गोळी. मला म्हणाले, "एकाच बाजूनं फिरवाचं. उलटा फिरवला का काडीचे आटे सुटते, अन् ब्रश वरच राहून जाते." पहिल्या वाकाशी काडी अडली तेव्हा त्यांनी जोर केला नाही. ती माझ्या हातात दिली. "आता सांगा, काय वाटून राहिलं?" मला वाटलं, आत कुणीतरी हलकेच ढकलतंय. "हां, तो वाक आहे. त्याच्याशी भांडाचं नाही." आणि मग ते फिरवत फिरवत ब्रश पार घेऊन गेले.

तरी दोन दिवस लागले, दुसरा वाक छपरावरून करावा लागला. घमेली भरभरून काजळी निघाली, त्यात कबुतराचं अख्खं घरटं, जळून दगड झालेलं. लग्नघरच्या लोकांनी पाव दुसरीकडून घेतले आणि मी भाऊंना चहासुद्धा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी ते सायकलवर आले, उतरलेही नाहीत. "आज डोकं?" मी म्हटलं, "नाही दुखलं." त्यांनी मान डोलावली आणि गेले. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून आठवते. पुढे दर सहा महिन्यांनी ते न बोलावता येत राहिले. मागच्या खेपेला आले ते खुशीत होते. शुभांगीने नवं भाड्याचं घर घेतलं होतं. "पोरीनं बाल्कनीवालं घर घेतलं वहिनी. दोन दिवस राहून येतो."

तेराव्याला मी शुभांगीकडे गेले होते. सगळे पांगल्यावर ती मला हाताला धरून बाथरूमपाशी घेऊन गेली. गिझर काढून टाकला होता, भिंतीवर चार भोकं उरली होती. वरच्या खिडकीच्या पट्ट्याही तिने काढल्या होत्या, गार वारा सरळ आत येत होता. आधीच्या भाडेकरूंनी थंडीसाठी त्या खिडकीवर प्लास्टिक ठोकलेलं होतं. ती म्हणाली, "बाबांनी आल्याबरोबर पाह्यलं होतं, काकू. संध्याकाळीच म्हणाले, 'हे काढा लागते वं पोरी. उद्या आंघोळ झाली का काढून टाकतो, आता स्टूल कुठं शोधतं.'"...  मग ती म्हणाली, "स्टूल स्वयंपाकघरातच होतं."

  त्यांना माहीत नव्हतं असं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांना माहीत होतं. दिसलं होतं. ज्या माणसाने मला पावाची एक खेप काढू दिली नाही, त्याने स्वतःला एक आंघोळ काढू दिली. मुलीच्या नव्या घरात पहिल्याच संध्याकाळी ठोकाठोक नको, थकून आलेल्या पोरीला त्रास नको, एवढंच मनात आलं असेल. मला त्यांचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण येतो, आणि तो उतरला की नुसतं सुन्न व्हायला होतं.

गेल्या आठवड्यात भट्टीची ओढ पुन्हा मंदावली. आमचे हे म्हणाले, कुणाला तरी बोलावू. मी शुभांगीला फोन केला, फक्त काड्या मागायला. ती म्हणाली, "मीच येते." लहानपणी सुट्टीत ती बाबांबरोबर छपरांवर चढायची, हे मला ठाऊक होतं. पण तिने ते गाठोडं माझ्या बेकरीत सोडलं आणि पहिली काडी गुडघ्यावर वाकवली तेव्हा दोन्ही कारागीर काम सोडून उभे राहिले. एका काडीवर बारीक चीर होती, ती तिने बाजूला ठेवली. नरम पुढे, ताठ मागे. पहिल्या वाकाशी ती थबकली, डोळे मिटले आणि सावकाश फिरवत राहिली. दुपारपर्यंत दोन्ही वाक मोकळे झाले.

मग तिने भट्टीत एक वर्तमानपत्र चुरगाळून पेटवलं आणि बाहेर गेली. मीही मागोमाग गेले. काम झालं की भाऊ असंच करायचे, रस्ता ओलांडून समोरच्या लाकूड कापायच्या आरा मशीनच्या भिंतीशी उभे राहायचे, कपाळावर आडवा हात धरून, वर धुराड्याच्या तोंडाकडे बघत. लाकडाचे टेम्पो हॉर्न वाजवत जात, हमाल ओरडत, भाऊ हलत नसत. शुभांगी नेमकी तिथेच जाऊन उभी राहिली. धूर निघाला, पातळ, सरळ, आणि वर जाऊन विरला.

आतून कारागिराने हाक मारली, "लाकडं टाकू का, वहिनी?" मी सवयीने शेजारी पाहिलं. शुभांगीने कपाळावरचा हात काढला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "अजून पाहून राहिले मी."