दुसऱ्यांदा सांगायला आलेले साहेब

धरणाचा काठ किती सरकला ते खुंट्या ठोकून मोजायला आमच्याकडे एक साहेब येतात. माणूस इतका भिडस्त की वाटेत बसलेल्या कुत्र्यालाही "जरा सरकता का" म्हणतील. बोलणं "म्हणजे बघा" पासूनच सुरू. जमिनीला भेग दिसली की चप्पल काढतात अन् तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिथं हात ठेवतात.

मागे कालव्याला पाणी सोडलं अन् धरण भराभर उतरलं. पाण्याचा टेका गेला की ओला काठ खचतो, असं त्यांनी घरोघरी सांगितलं. सगळ्या आळीनं गोठे रिकामे केले. काठ काही पडला नाही. तेव्हापासून ओट्यावरचे बाप्ये त्यांना विचारतात, "साहेब, आज कोणाचा गोठा पाडता?" मीही पदराआड हसायची. ते खाली मान घालून टेप गुंडाळत.

परवा पुन्हा पाणी सोडलं. साहेब दारात आले, पाणी प्यायले अन् निघाले. फाटकातून परत फिरले. कान लाल झालेले.

"म्हणजे बघा, मावशी, हसा हवं तर. पण म्हशी आज वर बांधा."

"अन् या बारीनंही काठ नाही पडला त?"

"तर उद्या पुन्हा हसा. मी येईनच."

मला त्यांच्याकडे पाहवेना. मी म्हशी सोडल्या. ओट्यावरून आवाज आला, "काहून वो काकू, तुले बी साहेबानं भेव देल्लं?"

सगळे हसले. म्हशी घेऊन मी एकटीच चढ चढले. इतकं हसू पाठीवर घेऊन चालणं किती जड असतं, ते तेव्हा कळलं.