नग एक, मास्टर्स डिग्री

"चिटणीस, ह्यांना दहा टक्के कमी करायला सांगा," असं म्हणून शिर्केसाहेबांनी माझ्या टेबलावर जे पत्र आपटलं, ते बेअरिंगवाल्याचं नव्हतं. अमेरिकेतल्या एका बड्या नावाच्या युनिव्हर्सिटीचं होतं. साहेबांच्या मुलीला, गौरीला, तिथे एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. खाली वर्षाची फी होती. डॉलरमध्ये. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि उठून पाणी प्यायलो.

बडोद्याला गोरव्यात आमचा पंपांचा कारखाना. शिर्केसाहेब मालक, मी परचेस ऑफिसर. खिळ्यापासून क्रेनपर्यंत जे विकत घ्यायचं ते माझ्या हातून. नव्वदीची मधली वर्षं होती. आयात नुकती खुली झालेली, ऑफिसात नवा फॅक्स आलेला, आणि जो तो फॅक्स पाठवायला निमित्त शोधत होता. परदेशी सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन, घ्यायचं ठरलं होतं. त्याचे पैसेही बाजूला काढले होते. त्याचा कॅटलॉग मी उशाशी घेऊन झोपायचो असं माझी बायको अजून लोकांना सांगते.

"साहेब, युनिव्हर्सिटी आहे ती. घासाघीस कशी करणार?"

"का? फी घेतात ना? मग भाव करायचा. अने जुओ, तिघांची पत्रं आहेत. कम्पॅरेटिव्ह बनवा. खरेदी तुमचं काम."

कम्पॅरेटिव्ह म्हणजे एक तक्ता. तीन विक्रेते शेजारी शेजारी मांडायचे, भाव, माल, मुदत लिहायची, आणि सर्वांत स्वस्त कोण त्यावर खूण करायची. त्याला आम्ही एल-वन म्हणतो. सरळ काम. पण आजवर मी बोल्ट मांडले होते, मालकाची मुलगी मांडली नव्हती.

पत्रं पाहिली. पहिलं बड्या नावाचं. दुसरं अमेरिकेतल्याच एका छोट्या गावातलं, फी जवळपास निम्मी. तिसरी आपली बडोद्याची, तिची वर्षाची फी आमच्या ऑफिसच्या महिन्याच्या चहापेक्षा कमी. पहिली निवडली तर लेथ गेला, हे मला लगेच कळलं. माझा चेहरा पडला असणार.

दुपारी गौरी आली. इंजिनियरिंग नुकतंच संपलेलं, लहानपणापासून आमच्या टेस्टिंग शेडमध्ये हुंदडलेली पोर.

"काका, मला दुसरी हवीय. तिथले एक सर पंपाच्या सीलवर काम करतात."

पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाणी गळू नये म्हणून जो भाग बसवतात तो सील. आमची निम्मी तक्रारपत्रं त्याच्यापायी येत.

"मग सांग की पप्पांना."

"सांगितलं. म्हणतात, ह्या गावाचं नाव कुणी ऐकलंय? वाडीत अक्काला काय सांगू?" अक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण, बडोद्यातच वाडी भागात राहणारी. गौरीचे डोळे भरून आले. "काका, मला नुसतं अमेरिकेला नाही जायचं हो. मला तिथंच जायचंय. काहीतरी करा ना."

मी "बघतो" म्हणालो. परचेसवाला "बघतो" म्हणाला की विक्रेते समजून जातात. तिला बिचारीला काय ठाऊक!

भाव कमी करायचा म्हणजे आधी एन्क्वायरी पाठवायची. आमचा छापील नमुना होता. मी वर दोन्ही परदेशी युनिव्हर्सिट्यांची नावं घातली, मालाच्या रकान्यात "मास्टर्स डिग्री, नग एक" लिहिलं, "आपला अंतिम व कमीत कमी दर कळवावा" खाली रेघ मारली आणि फॅक्स केला. चहा घेऊन आलो, ऑफिसकॉपी उलटी केली, आणि कपाळावर हात मारला. मागच्या पानावरच्या अटी तशाच गेल्या होत्या! माल रवाना होण्यापूर्वी आमचा माणूस येऊन तपासणी करेल. बारा महिन्यांची गॅरंटी, सदोष नग विनामूल्य बदलून द्यावा. उशीर झाल्यास दर आठवड्याला दंड. खाली माझी सही, लांबलचक, ऐटीत.

बड्या नावाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. एका ओळीचं. फीमध्ये सवलत नाही, आभारी आहोत.

साहेब खूश! "बघा! भाव सोडत नाहीत. म्हणजे माल चोख."

दुसरीकडून आठ दिवस काही नाही. गौरी रोज येऊन फॅक्सपाशी उभी राहायची. शेवटी मला राहवेना, मी कॉपी तिच्या हातात दिली. तिनं वाचली आणि मटकन खुर्चीत बसली.

"काका! सदोष नग म्हणजे मी?"

"नाही गं, डिग्री."

"ते आता मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत." पोरगी रडायला लागली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

नवव्या दिवशी मशीन खरखरलं आणि दोन पानं बाहेर आली. सीलवाल्या प्रोफेसरांनी स्वतः लिहिली होती, अटवार. तपासणीला कधीही यावे, प्रयोगशाळा उघडी असते. सदोष नग बदलून मिळणार नाही, मात्र दुरुस्ती फुकट. डिग्रीला उशीर आमच्याकडे नेहमीच होतो, पण त्यात दोष बहुधा कच्च्या मालाचा असतो. शेवटी लिहिलं होतं, इतकी वर्षं शिकवतोय, पण तुम्ही काय हमी देता असं मला आजवर कुणी विचारलं नाही. तर आता माझा एक प्रश्न. सुट्टीनंतर पंप पहिल्यांदा सुरू केला की सील का गळतं, ते मुलीनं लिहून पाठवावं.

गौरीनं डोळे पुसले. सोमवारी सकाळी शिफ्टच्या आधी ती टेस्टिंग शेडमध्ये हजर. एकेक पंप सुरू करून वाकून वाकून बघत होती, ओढणीला ग्रीस, केसांत पाणी. तीन पानं लिहून तिनं फॅक्स केली. उत्तर दोन दिवसांत. फी पूर्ण माफ, वर प्रयोगशाळेत काम आणि त्याचा पगार.

मी कम्पॅरेटिव्ह भरायला घेतलं आणि हात थांबला. बावीस वर्षांच्या नोकरीत माल घेतल्याबद्दल विक्रेता आपल्याला पैसे देतोय असं मी कधी लिहिलं नव्हतं. भावाच्या रकान्यात मी वजाचं चिन्ह काढलं. दोनदा गिरवलं.

साहेबांनी तक्ता पाहिला. "बरोबर आहे. पण देऊ आपण पहिल्याला. लेथ पुढच्या साली. चालशे."

गौरी दारातच उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हणालो, "साहेब, एल-वन सोडून दुसऱ्याला ऑर्डर द्यायची तर रिमार्क्समध्ये कारण लिहून सही लागते. तुमचाच नियम."

"लिहितो की." त्यांनी पेन काढलं. "नामांकित" लिहिलं.

"हे कारण नाही झालं साहेब. गास्केटच्या वेळी मी हेच लिहिलं तर तुम्ही कागद परत पाठवला होता."

त्यांनी ते खोडलं. पंख्याकडे बघितलं. मग लिहिलं, "अक्काला सांगायला बरे." आणि सही करणार, तोच गौरी पुढे आली.

"पप्पा, हे खरंच लिहिलंत? अक्काआत्या मला खूप आवडते हो. पण शिकणार कोण, मी की ती?"

साहेब गोरेमोरे झाले. तापट माणूस, पण लेकीवर जीव. तिथूनच वाडीत फोन लावला आणि मोठ्या आवाजात बड्या युनिव्हर्सिटीचं नाव घेऊन विचारलं, "अक्का, ऐकलंयस का?"

अक्काचा आवाज मलाही ऐकू आला. "नाही बाई. अमेरिकेतच आहे ना? मग झालं. अन् पोरीला दोन स्वेटर घे, केम तू भूलून जातोस!"

साहेबांनी फोन ठेवला. दुसऱ्या युनिव्हर्सिटीपुढे खूण केली आणि सही ठोकली. "घ्या लेथ," एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता.

गौरी ऑगस्टमध्ये गेली. लेथ दिवाळीला आला. त्यानंतर वर्षभर गोरव्यातले निम्मे आईबाप मुलांची पत्रं घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि मी मोठ्या तोऱ्यात तक्ते मांडून द्यायचो. सगळ्यांना एकच सांगायचो, महाग माल जरूर घ्या, पण आधी कारण लिहा. लिहायची लाज वाटली तर ऑर्डर देऊ नका.

मग माझा मुलगा बारावी झाला. बडोद्यातलं चांगलं कॉलेज घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. मी त्याला पुण्यात, मोठ्या नावाच्या महागड्या कॉलेजात घातलं. बायकोनं घरच्या वहीत तक्ता आखला, माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "रिमार्क्स?"

मी म्हटलं, घरी तो रकाना नसतो.